पंचवीसच्या वरचा माणूस

पत्रकं लिहायला मी शिकलो तेव्हा मला धड दाढीही आलेली नव्हती. आमच्या वसाहतीतल्या युवक संघटनेत एक ताई होत्या, पेशानं शिक्षिका. त्यांनी आमच्याकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. एका पत्रकात एकच मागणी. दोषी कोण ते पहिल्या चार ओळींत. आणि एक आकडा पाहिजेच. भाषण लोक विसरतात, आकडा घरी घेऊन जातात, असं त्या म्हणायच्या. नळाला किती दिवस पाणी नाही, शाळेतले किती वर्ग मास्तरांविना आहेत, हे मी दारोदार फिरून मोजायचो आणि पिवळ्या कागदावर छापून वाटायचो. त्या आकड्यांनी दोनदा नगरसेवकाला आमच्या गल्लीत आणलं होतं. त्यामुळे आकड्यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात टेम्पररी होतो. दिवसभर काम एकच. मशीनवरून आलेल्या बुशच्या, म्हणजे छोट्या धातूच्या नळीच्या, भोकात गेज नावाची मापाची सळई घालायची. गेज गेला तर माल पास, अडकला तर बाजूच्या लाल पेटीत. यात मधलं काही नसतं. बुश बिचारा काही बोलत नाही.

त्याच सुमारास माझ्या आतेभावानं इंजेक्शनं घेतली. कॉलेज रोडच्या बाजूला काचेची एक नवी जिम निघाली होती, तिथला ट्रेनर डब्यातली पावडर विकायचा आणि ओळख वाढली की पावडरच्या पुढचं विकायचा. सहा महिन्यांत आतेभावाचे दंड असे फुगले की आत्या त्याची दृष्ट काढायला लागली. मग एके दिवशी त्याला बसता येईना. कुल्ल्यावर गळू, आत पू, ताप. ऑपरेशन करून पू काढावा लागला. दवाखान्यात तो पालथा पडून मला सांगत होता, "घरी सांगू नको, केस तुटून झालं म्हणून सांग." आणि ट्रेनर? ट्रेनर म्हणाला, याचं अंगच कच्चं. मी संतापानं वेडा व्हायचा बाकी होतो. ज्यानं टोचलं तो एसीत बसून होता आणि ज्याला टोचलं तोच लाजत होता.

पत्रक काढायचं ठरवलं. मागणी होती, दोषी होता. आकडा नव्हता.

आकडा मला सायबर कॅफेत सापडला. एका परदेशी साइटवर हिशेब दिला होता. माणसाच्या वजनातून चरबी वजा करायची. राहिलेल्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गानं भागायचं. येणारा आकडा सांगतो की तुमच्या उंचीच्या मानानं अंगावर मांस किती. बिनऔषधी कसरत करणारा माणूस बहुधा पंचवीसपर्यंत पोचतो, त्यापुढे गेला तर संशयाला जागा आहे, असं तिथं लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. निसर्गानं माणसाच्या अंगावर मर्यादेची रेघ मारून ठेवलीय आणि ती भागाकारानं सापडते! मला खुर्चीत बसवेना. माणसाला लावायचा गेज मिळाला होता. पंचवीसच्या आत तो पास, पंचवीसच्या वर तो लाल पेटीत.

मोजायला माणसं हवी होती. मी पंचवटीतल्या एका जुन्या तालमीत जायचो. जायचो म्हणजे संघटनेच्या कामातून वेळ मिळाला की दहा जोर मारून बाकावर बसायचो. तालमीच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "मारुतीला नमस्कार करत नसशील तर नको करू. पण चप्पल बाहेर काढ." त्यांच्याशी माझं तेवढ्यावर जमलं होतं.

मला वह्या घेऊन आलेला पाहून ते म्हणाले, "आता काय, जनगणना?"

"वस्ताद, सुई कोण घेतं ते शोधायचंय."

"माझ्या तालमीत?"

"तुमच्या तालमीत सुरुवात. मग सगळ्या शहरात."

"शोध. ज्याच्या अंगात खोट नाही त्याला भीती नाही," असं म्हणून ते माती भिजवायला गेले. हे वाक्य मी पुढे पत्रकात जसंच्या तसं वापरलं.

वजनाला जवळच्या धान्याच्या दुकानातला काटा होता. चरबीसाठी चिमटा लागतो, कातडीची घडी धरून जाडी मोजायचा. तो कुठे मिळतो मला माहीत नव्हतं, म्हणून कारखान्यातला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर मी एका रविवारपुरता बॅगेत घालून आणला. पोटाची, दंडाची, मांडीची चिमटीत धरलेली घडी मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहून घेत होतो. पोरं गुदगुल्यांनी ओरडत होती. एक जण म्हणाला, "अहो, बोंबील घेताय का?" आणि उंचीसाठी तालमीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं काढलेली पट्टी होतीच. जुनी, ठसठशीत, सेंटिमीटरचे आकडे लाल. तिला पाठ लावून उभं राहायचं आणि मी डोक्यावर वही आडवी धरायची.

माझी स्वतःची उंची पाच सेंटिमीटर कमी भरली. मला वाटलं, आयटीआयच्या फॉर्मवर तेव्हा मास्तरनं वाढवून लिहिली असेल. फॉर्मवर सगळेच वाढवून लिहितात.

सगळ्यात शेवटी तो आला. मार्केट यार्डातला हमाल, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला "पत्रक" म्हणायचा. सकाळी कांद्या-बटाट्याच्या गोण्या वाहायच्या आणि दुपारनंतर तालमीत येऊन दीड-दोन तास घाम गाळायचा. भात, नागलीची भाकरी, उडदाचं वरण, आणि वस्ताद देतील तेवढं दूध. त्याचे खांदे पाहिले की वाटायचं, याला सांगून बनवलंय. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत तालमीनं त्याचं नाव दिलं होतं. पण त्याचं लक्ष स्पर्धेवर नव्हतंच. दिंडोरी रोडच्या एका शाळेनं नवी व्यायामशाळा बांधली होती आणि मुख्याध्यापक त्याला तालमीत येऊन पाहून गेले होते. मुलांना जोर, बैठका, मल्लखांब शिकवायला माणूस हवा होता. हमालीनं त्याची मान धरायला लागली होती. रात्रभर मुंग्या येतात म्हणायचा. ते काम मिळालं असतं तर पाठीवरची गोणी सुटली असती. एवढंच त्याला हवं होतं आणि हे तालमीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलासुद्धा.

वजन एकाहत्तर. चरबी वजा जाता पासष्ट. भिंतीवर उंची एकशे साठ. मी तिथंच बाकावर भागाकार केला. पंचवीस पॉइंट चार.

पुन्हा केला. तोच.

"किती आला?" त्यानं विचारलं.

"सांगतो नंतर."

"पास का नापास?"

मी हसलो. मला वाटतं तोही हसला.

पत्रक आठ दिवसांत निघालं. मथळा होता, "पंचवीसच्या वर म्हणजे सुई!" काचेच्या जिमला मी झोडपलं ते योग्यच होतं, त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. पण खाली पुरावा म्हणून आकडे दिले. नावं नव्हती. आम्ही कधीच नावं टाकत नसू, ताईंचा नियम होता. "पंचवटीतल्या एका जुन्या तालमीतही एक हमाल पंचवीस पॉइंट चार भरतो. विष कुठवर पोचलंय पाहा!" एवढीच ओळ. आणि साइटवर जो 'बहुधा' होता तो मी गाळला. मुद्दाम गाळला. पत्रकात 'बहुधा' शोभत नाही.

पंचवटीत जुन्या तालमी किती आणि त्यात जाणारे हमाल किती? नाव छापायची गरजच काय होती?

पत्रक लोकांनी वाचलं. माझं इतकं वाचलं गेलेलं पहिलंच. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांचे दंड चाचपून "पंचवीस का?" विचारायची. मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, तो आमच्या घरी आला. आईनं जयभीम घातला, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं तांब्या खाली ठेवला आणि शर्टाची बटणं काढायला लागला. आई आत गेली. दंड, खांदे, मग पँट कमरेखाली सरकवून पाठमोरा उभा.

"बघ. कुठं टोचलंय बघ."

"दादा, असं काय करतो..."

"असं काय म्हंजे? तू लिवलं. आता बघ. तुला तपासायचं काम येतं ना?"

मी मान खाली घातली. त्यानं कपडे नीट केले आणि जमिनीवर बसला.

"शाळेतून निरोप आलाय. पोरांमधी सुईवाला माणूस नको म्हने. हेडमास्तरनं तुझा पिवळा कागद टेबलावर ठेवला व्हता. यार्डात तर लय मजा चाललीय. ए सुई, इकडं ये. ए सुई, दोन गोण्या घे, तुला काय, औषध हाय. आमच्या हमालांच्या टोळीतला एक म्हनला, याला मजुरीतला वाटा कमी द्या, याची ताकद खरी नाय."

"पण आकडा..." मी म्हणालो. खरंच म्हणालो. "दादा, आकडा पंचवीसच्या वर आला. मी काय करू?"

"काय धरून काढला?"

मी वही आणली. त्याला समजावलं. वजन, चरबी, उंची. त्यानं उंचीवर बोट ठेवलं.

"हे किती?"

"एकशे साठ."

"मी पोलीस भरतीला गेल्तो. उंचीत पास झाल्तो, पळण्यात पास झाल्तो, लेखीत गेलो. भरतीला एकशेपासष्ट लागते. मंग मला पोलिसांनी पाच उसनं दिलं का?"

माझे स्वतःचे पाच सेंटिमीटर मला आठवले.

तडक तालमीत गेलो. सोबत स्टीलचा टेप. भिंतीवरच्या पट्टीवर शंभर लिहिलं होतं तिथं टेप लावला आणि जमिनीपर्यंत सोडला. एकशे पाच. पुन्हा लावला. एकशे पाच.

वस्ताद मारुतीपुढचा दिवा पुसत होते. "काय झालं रे?"

"वस्ताद, ही पट्टी कधी काढली?"

"लय जुनी. माझ्या वस्तादांच्या वेळची."

"आणि ही फरशी?"

"ही? कुंभमेळ्याच्या आधी टाकली. आधी जाड कोबा होता, फुटलेला. तो खणून काढला आणि खाली शहाबादी बसवली." ते थांबले. भिंतीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. "हां. दोन इंच खाली गेलोय आपण."

"मग पट्टी खाली का नाही घेतली?"

"उंची कोण मोजतं इथं? भरतीवाली पोरं मैदानावर पळायला जातात. आम्ही छाती मोजतो, दंड मोजतो. उंची काय कसरतीनं वाढते का?" मग त्यांच्या लक्षात आलं असावं. आवाज खाली आला. "त्या भिंतीवरनं लिहिलंस तू?"

फरशी दोन इंच खाली, म्हणजे पट्टीवर माणूस दोन इंच बुटका. बुटक्याच्या उंचीचा वर्ग लहान, म्हणून आकडा मोठा. खरी उंची घालून भागलं तर तेवीस पॉइंट नऊ. मी शंभराव्या मिलिमीटरपर्यंत कातडी मोजली होती आणि दोन इंच खाली गेलेली फरशी मला दिसली नव्हती. जो रोज आठ तास गेज लावतो त्यानं आपला गेज तपासला नाही. कारखान्यात असं झालं असतं तर सुपरवायझरनं मला गेटबाहेर काढलं असतं आणि मी काही बोललो नसतो.

ताईंकडे गेलो. दुसरं पत्रक काढायचं म्हणालो. त्या वह्या तपासत होत्या. पेन खाली न ठेवता म्हणाल्या, "चूक झाली हे खरं. पण आपण माफी छापली तर उद्या नळाचं पत्रक काढू तेव्हा पाणीखातं म्हणेल, यांचं काय, हे पुढच्या आठवड्यात मागे घेतात. त्या जिमवाल्याला तर आयतंच मिळेल."

"ताई, त्या माणसाचं काम गेलं."

"म्हणून त्याला जाऊन भेट. मी पण येते. पण छापू नको."

"छापून घालवलंय. भेटून कसं परत येईल?"

आमचं भांडण झालं. ज्या बाईनं मला लिहायला शिकवलं तिच्यासमोर मी आवाज चढवला. त्या शेवटी म्हणाल्या, "संघटनेचं नाव खाली टाकू नकोस." मी म्हणालो, "नाही टाकत."

शाळेतही गेलो. मुख्याध्यापक भले माणूस होते, चहा पाजला. सगळं ऐकून घेतलं. "तुमचं म्हणणं पटतं मला. पण पालकांनी तो कागद वाचलाय. समितीनं दुसरा माणूस घेतलाही. तुमच्याच पत्रकात होतं ना, जरासा संशय असला तरी पोरांपासून दूर ठेवा?" होतं. माझंच वाक्य होतं. चांगलं जमलेलं वाक्य.

कच्चा मसुदा घेऊन मी दादाच्या खोलीवर गेलो. पेठ फाट्याजवळ चौघं मिळून राहायचे. त्याला वाचून दाखवला. "उंची चुकीची मोजली गेली. खरा आकडा तेवीस पॉइंट नऊ, म्हणजे पंचवीसच्या आत. म्हणून सदर व्यक्ती निर्दोष आहे."

तो जरा वेळ मान चोळत बसला.

"म्हंजे मी दोन इंचानं सुटलो."

"हो. म्हणजे..."

"आन पुढल्या वर्साला मी आजून कसरत केली, सव्वीस झालो, तर? परत सुईवाला?"

"सव्वीस बहुतेक कोणी होत नाही, दादा."

"बहुतेक." तो म्हणाला. "ज्यानं ही रेघ मारली त्यानं आमच्या पाड्यावरचा मानूस मोजला व्हता का? माझा बाप डोंगरातून मोळी आनायचा, त्याच्या पिंढऱ्या बघितल्यास तर तू त्याला पन लिवशील. ह्या रेघेमुळं तुला वाटलं, आपल्याला कळलं. वाटलं ते वाटलं म्हन. कळलं म्हनू नको."

मला पुन्हा संताप चढला, यावेळी त्याच्यावर. आकडा बरोबर करून आणला, तुला सोडवलं, आणि तुला तेही नको? उठून दारापर्यंत गेलो. दाराशी त्याचा एक सोबती कांदा चिरत बसला होता, तो वर न बघता म्हणाला, "जा, आजून एक कागद काढ आमच्यावर." मी परत येऊन बसलो.

दुसरं पत्रक आम्ही दोघांनी मिळून केलं, हे म्हणणं मोठेपणाचं होईल. तो सांगत गेला, मी खोडत गेलो. तेवीस पॉइंट नऊ काढला. 'निर्दोष' काढला, कारण दोषच कुठे सिद्ध झाला होता? 'सदर व्यक्ती' काढला. शेवटी राहिलं ते एवढं: मी या माणसाला सुई घेताना पाहिलेलं नाही. कोणीही पाहिलेलं नाही. मी भिंतीच्या चुकलेल्या पट्टीवर त्याची उंची मोजली. उंची बरोबर असती तरी नुसत्या भागाकारावरून कोणाला चोर ठरवता येत नाही, हे मला वाचून माहीत होतं आणि मी ते लपवलं. खाली माझं नाव. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक ज्यात दोषी मी होतो, पहिल्या चार ओळींत.

छापून आणलं आणि लगेच कळलं की हे कोणी वाचणार नाही. टपरीवाल्यानं त्यात भजी बांधायला घेतली. पहिलं पत्रक लोकांनी खिशात घडी करून ठेवलं होतं. आतेभावसुद्धा म्हणाला, "तुझं आधीचं भारी होतं."

दादाला मी गठ्ठा नेऊन दिला. त्यानं एक कागद उलटसुलट केला.

"आमच्या टोळीत अर्ध्यांना वाचता येत नाय. पहिला कागद त्यांना कोनी वाचून दाखवला म्हाईत हाय का? आडत्याच्या दिवाणजीनं, चढ्या आवाजात. हा तू वाच."

"कुठे?"

"यार्डात. सकाळी ट्रक खाली व्हायच्या आधी."

कारखान्यात सुट्टी टाकून मी गेलो. लासलगावकडून आलेला कांद्याचा ट्रक उभा होता, मागची फळी पाडलेली. टोळीतले आठ-दहा जण डोक्याला फडकी बांधत होते. दादा त्यांच्यातच, एका बाजूला, तंबाखू मळत. मला पाहून एक जण ओरडला, "आला रे डॉक्टर! मापं काढायला आला!" दुसरा म्हणाला, "माझं काढ, माझं पोट धर." हशा झाला. मी ट्रकच्या फळीवर चढलो. तोपर्यंत मी शंभर वेळा तरी भाषण केलं असेल. मोर्च्यात, चौकात, महापालिकेच्या पायऱ्यांवर. प्रत्येक वेळी हात कोणाकडे तरी दाखवलेला. त्या दिवशी हाताचं काय करावं तेच कळेना.

मी वाचायला लागलो. पहिल्या दोन ओळी हशात गेल्या. "मी पाहिलेलं नाही" इथं कोणीतरी म्हणालं, "मंग लिवलं कशाला, झोपेत?" मी थांबलो नाही. भिंतीची गोष्ट आली तेव्हा दोघं-तिघं गप्प झाले, कारण त्यांना मापातली खोट कळते. काट्याखाली बोट लावणारा व्यापारी त्यांनी रोज पाहिलेला असतो. वाटा कमी द्या म्हणणारा माणूस मला ओळखू आला नाही. पण एक जण तोंड फिरवून दोर गुंडाळत राहिला, गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडून गुंडाळायला लागला.

वाचून संपलं. टाळ्या वगैरे काही नाही. दिवाणजी शेडच्या दारातून म्हणाला, "चला, झालं असेल तर माल उतरवा."

दादा पुढे आला. तंबाखू ओठात सारली, हात झटकले.

"मागं शेडमधले ऐकाय आले नव्हते," तो म्हणाला. "बलव रे त्यांना." मग माझ्याकडे पाहिलं. "पहिल्यापासून वाच. आन हळू."

मी पहिल्यापासून वाचायला लागलो.